खडूच्या रेषेपलीकडून

ही गोष्ट माझ्या सख्ख्या आत्यासोबत घडलीये. मैत्रिणीच्या चुलत मामाच्या शेजाऱ्यासोबत नाही. सख्ख्या आत्यासोबत. ज्यांना पटायची नाही त्यांनी इथूनच परत फिरावं, माझा राग नाही.

२०१९ चा मे महिना. आपलं शहर तेव्हा औरंगाबादच होतं. चिकलठाणा एमआयडीसीतली एक पत्र्याची शेड.

आणि वेळ...

रात्र नाही. अमावास्या तर मुळीच नाही.

भर दुपार. चारचा सुमार. ऊन असं, की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं.

आदल्या पावसाळ्याने दगा दिलेला. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही आलं तर आलं. बीड बायपासला एकीकडे नवेकोरे टॉवर उभे राहत होते आणि त्याच टॉवरच्या गेटवर टँकरमागे बादल्यांची रांग लागत होती.

अशा कोरड्याठाक गावात माझी हिमानी आत्या काय बनवत होती, माहितीये?

जहाजातली खोली!

हसू नका. मुंबईहून सुटणारं एक जुनं प्रवासी जहाज होतं. चैनीच्या सफरींचं. अशी जहाजं दर काही वर्षांनी गोदीत लावतात आणि आतून पार बदलून टाकतात. पण त्याआधी एक खोली जमिनीवर बनवून बघतात. खऱ्या मापाची, पलंग-पडद्यांसकट. नमुना म्हणून. तो पसंत पडला तर बाकीच्या खोल्यांचं काम.

आत्या इंटिरियर डिझायनर. हे तिचं स्वतःचं पहिलं मोठं काम. शेड होती इंद्रजीत काकांची. काका मूळचे लासूर स्टेशनचे, घरची शेती, शहरात फर्निचरचा कारखाना. त्या वर्षी बाकीची सगळी कामं थंड पडलेली.

नमुना पास झाला तर कारखाना चालू.

नाही झाला तर कुलूप.

जहाजावर पूर्वी एकट्या माणसासाठी छोट्या खोल्या होत्या. अरुंद, डब्यासारख्या. आत्याने काय केलं, शेजारशेजारच्या दोन खोल्यांमधली भिंतच काढली. एकच मोठी, हवेशीर खोली. दोन पलंग, मध्ये मोकळी जागा. आणि खिडकीत समुद्र! म्हणजे गुलमंडीतून छापून आणलेला फ्लेक्स, मागे ट्यूबलाइट. रंग एवढा भडक, की इंद्रजीत काका म्हणाले, "मॅडम, ह्या समुद्रात धोतर बुडवलं तर वेगळी नीळ द्यायला नको."

जुनी भिंत जिथे यायची, तिथे आत्याने गालिच्यावर खडूने एक सरळ रेष मारली. पाहुण्यांना दाखवायला, की बघा, केवढी जागा सुटली.

तिथूनच सुरू झालं...

पहिल्यांदा ऐकलं वच्छलाबाईंनी. त्या शेड झाडायच्या. त्या दुपारी हातातला झाडू तसाच घेऊन त्या बाहेर आल्या.

"ताई, पलीकडं कोन हाय?"

"कुठे पलीकडे?"

"भितीच्या पलीकडं. टकटक करायलंय."

"अहो बाई, भिंतच नाहीये तिथे!"

वच्छलाबाईंनी झाडू दाराला टेकवून ठेवला.

"तेच म्हनते ना मी."

आत्याने हसण्यावारी नेलं. ऊन लागलं असेल, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला टँकरचा हॉर्न वाजला. झालं! सगळे सुतार हातातलं टाकून ड्रम घेऊन पळाले. वच्छलाबाई कळशी घेऊन त्यांच्याही पुढे. शेडमध्ये राहिली एकटी आत्या. पडद्याच्या चुण्या सारख्या करत होती.

टक...

टक टक.

तिने वळून बघितलं. कुणी नाही.

टक... टक टक.

बोटाच्या पेरांनी लाकडावर वाजवावं तसा आवाज. स्पष्ट. घाई नसलेला. ती आधी डावीकडच्या भिंतीला कान लावून आली. मग उजवीकडच्या. मग खाली वाकली.

आवाज तिथून येतच नव्हता.

आवाज येत होता खोलीच्या मधोमध. खडूच्या रेषेच्या बरोबर वर...

हवेतून.

आत्या रेषेपाशी गेली. हात पुढे केला. हात आरपार गेला. काही नव्हतं. नुसती हवा, तीही तापलेली.

आणि मग...

टक टक.

थेट तिच्या तळहाताखाली. आपण दाराला टेकून उभं असावं आणि बाहेरून कुणी ठोठवावं, तेव्हा लाकूड कसं थरथरतं? तस्सं तिच्या हाताला लागलं.

आत्या पळाली नाही. (हे लिहायलाच हवं, नाहीतर ती मला सोडणार नाही.) खरं म्हणजे पाय हललेच नाहीत.

इंद्रजीत काकांना सांगितलं तर ते मोठ्यांदा हसले. "उन्हानं लाकूड तडकतंय मॅडम! आमच्या लासूरच्या घराचं दार उन्हाळाभर बोलतंय. पोरं त्याला मामा म्हणतात."

"मग उद्या चारला तुम्हीच थांबा आत."

"थांबतो की! त्यात काय."

थांबले. हातात चहाचा ग्लास, चेहऱ्यावर हसू. आत्या दारात उभी.

टक... टक टक.

काकांनी ग्लास हळूच खाली ठेवला. बराच वेळ त्या रेषेकडे बघत राहिले. पलीकडे पाय टाकायचा म्हणून उचलला आणि परत मागे घेतला.

"हा आमचा मामा नाय," ते म्हणाले.

दोघं बाहेर उन्हात येऊन उभे राहिले. शेवटी काकाच बोलले, "पाहुणे उद्या येणार. त्यांनी हे ऐकलं तर?"

"तर संपलं सगळं, काका."

"मग ऐकू द्यायचं नाय. लवकर बोलवा, चारच्या आत वाटेला लावा. उशीर झालाच तर बाहेर मी ड्रिल चालू ठेवतो. काम लई जोरात चाललंय असं वाटंल, अजून काय!"

पाहुणे म्हणजे कोण? तर जहाज कंपनीचे श्रीरंग साहेब, आणि त्यांच्यासोबत त्या जहाजाच्या सगळ्यात जुन्या प्रवासी, सरोजिनीबाई. मुंबईच्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. दरवर्षी तेच जहाज, तीच खोली. नमुनाही त्याच खोलीचा होता. श्रीरंग साहेबांनी फोनवर आत्याला आधीच बजावलं होतं, "आमचे जुने प्रवासी बिथरलेत. जहाज बदलतंय म्हटलं की ही माणसं दुसरीकडे जातात. नवे येतील तेव्हा येतील, पण जुने गेले तर जहाज रिकामं. सरोजिनीबाई हो म्हणाल्या ना, तर बाकीचे गपचूप ऐकतील. तुमचं काम त्यांच्या हातात आहे."

त्यांना सकाळी अजिंठा दाखवून, दुपारी दोनच्या आत इकडे आणायचं ठरलं होतं.

पण बाईंचा पाय लेण्यांतून निघेना. मग फर्दापूरला जेवण. त्यात जळगाव रोड तेव्हा सगळा उकरून ठेवलेला. आत्या शेडच्या दारात येरझाऱ्या घालतेय, काका ड्रिलवाल्याच्या कानात काहीतरी सांगतायत...

गाडी आली तेव्हा घड्याळ चारकडे झुकलं होतं.

सरोजिनीबाई उतरल्या. सत्तरी ओलांडलेल्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, कडक इस्त्रीची सुती साडी. त्या खोलीत शिरल्या. पडदा बघितला. पलंग दाबून बघितला.

"ह्यात माझी खोली कुठली?" त्यांनी विचारलं.

"रेषेच्या अलीकडची, मॅडम," आत्या म्हणाली. "पलीकडची शेजारची होती. आता दोन्ही मिळून..."

"ती द्वारकाची."

"कुणाची?"

"माझी मैत्रीण. आम्ही दोघी दरवर्षी शेजारशेजारच्या खोल्या घ्यायचो. दुपारी चारला जी आधी उठेल तिनं भिंतीवर ठोकायचं. म्हणजे चल, चहाला."

आत्याची नजर घड्याळाकडे गेली.

"एका वर्षी मी ठोकलं. पलीकडून उत्तर आलं नाही." बाई अगदी शांतपणे बोलत होत्या. "लोकांनी दार उघडलं तर ती झोपेतच गेली होती. तरी मी येते. दरवर्षी. चार वाजता ठोकते. ह्या श्रीरंगला वाटतं, मला ह्यांचं जेवण आवडतं."

श्रीरंग साहेब कसनुसं हसले. "मॅडम, जेवणाबद्दल तुम्ही दरवेळी छान लिहून देता..."

"तुला वाईट वाटू नये म्हणून."

तेवढ्यात बाहेर ड्रिल सुरू झालं. घर्र्र्र करून कान किटतील असं. इंद्रजीत काका दारातून हात जोडून म्हणाले, "माफ करा हां, जरा अर्जंट काम..."

आणि लाइट गेली.

ड्रिल बंद. कूलर बंद. खिडकीतला समुद्र विझला.

शेडमध्ये सगळं चिडीचूप झालं. पत्र्यावरून एखादा कावळा चालत गेला असता तरी ऐकू आलं असतं.

आत्याने डोळे मिटून घेतले. आज नको, ती मनात म्हणत होती. आजच्या दिवस नको...

टक...

टक टक.

श्रीरंग साहेबांनी दचकून मागे बघितलं. "कोण आहे?"



सरोजिनीबाई मात्र हलल्या नव्हत्या. त्यांचं डोकं किंचित कललं होतं, लांबून कुणी हाक मारल्यावर कलतं तसं. मग त्या सावकाश चालत रेषेपाशी आल्या. उजव्या हाताची मूठ वळली. आणि समोरच्या रिकाम्या हवेत...

ठोकलं.

आवाज आला. लाकडाचा. तिथे काहीही नव्हतं, आणि आवाज आला. चौघांनी ऐकला.

लगेच पलीकडून...

टक टक टक टक!

हा आधीसारखा सावकाश नव्हता. उतावीळ होता. किती वर्षांनी ओळख पटल्यासारखा.

"आले गं," सरोजिनीबाई म्हणाल्या. "ऐकू आलं. इथे भिंत नाहीये आता. तूच ये की."

ठोकणं थांबलं.

आणि मग बाई एक पाऊल बाजूला सरकल्या. अरुंद वाटेत समोरून कुणी आलं की आपण सरकतो ना, अंग चोरून? तशा.

आत्याचं लक्ष गेलं अलीकडच्या पलंगाकडे. सकाळी तिने स्वतःच्या हाताने त्यावर चादर ताणली होती. एक सुरकुती नव्हती.

त्या चादरीचा कडेचा भाग हळूहळू खाली दबला...

कुणी टेकावं तसा.

लाइट आली. ड्रिल आपोआप किंचाळायला लागलं. इंद्रजीत काका दाराची चौकट धरून उभे होते, चेहरा पांढराफटक.

सरोजिनीबाईंनी पदराने डोळे टिपले. वळून म्हणाल्या, "श्रीरंग, मला पसंत आहे. सगळ्यांना सांग, सरोजिनीने हो म्हटलंय."

काम पास!

ज्याच्यासाठी आत्या महिनोन् महिने झुरली होती, ते तिच्या पदरात पडलं होतं. आणि तिला ते नको झालं होतं.

ती गाडीपर्यंत त्यांच्यामागे धावत गेली. "मॅडम, मी भिंत परत टाकून देते. निदान तुमच्या खोलीला तरी. दुसरं डिझाइन आहे माझ्याकडे..."

"कशाला?" बाईंनी तिच्या गालावर हात ठेवला. "इतकी वर्षं मी भिंतीशीच बोलत होते, बाळ. तू काढलीस. फार बरं केलंस."

श्रीरंग साहेबांनी गाडीचं मागचं दार उघडलं. बाई लगेच बसल्या नाहीत. दार धरून जरा थांबल्या. मग बसल्या...

अगदी दाराला चिकटून. बाकीची सगळी सीट मोकळी सोडून.

त्या दिवसानंतर शेडमध्ये कधीच टकटक झाली नाही. वच्छलाबाई म्हणाल्या, "गेली ती." कोण, ते आत्याने विचारलं नाही.

कारखाना दोन-दोन पाळ्यांत चालू झाला. आत्याने तरीही भिंतीवालं डिझाइन श्रीरंग साहेबांना पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, प्रवासी खुश आहेत, आता काही बदलू नका. इंद्रजीत काका तर हात जोडूनच म्हणाले, "मॅडम, ह्या शेडच्या जिवावर लई घरं चालतात. भिंतीचं नाव काढू नका आता." ते बोलताना त्यांनी आत्याच्या डोळ्यांत बघितलं नाही.

दिवाळीनंतर जहाज नव्या खोल्या घेऊन निघालं. पहिल्याच सफरीला सरोजिनीबाई होत्या. त्याच खोलीत. एकट्या.

सफर संपली त्या दिवसापासून आत्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. शेवटी तिने बाईंच्या घरी फोन लावला. नुसतं विचारायला... की तुम्ही ठीक आहात ना?

"अगं, हिमानी! किती गं छान झाली सफर!" बाईंचा आवाज एखाद्या कॉलेजातल्या मुलीसारखा. "झोप म्हणून नाही. नुसत्या गप्पा. रात्ररात्रभर!"

"मॅडम... तुम्ही घरी एकट्याच असता ना?"

"एकटी कशी?" बाई हसल्या. मग फोनपासून तोंड लांब करून म्हणाल्या, "अगं, औरंगाबादची मुलगी आहे. तीच, भिंत काढणारी. बोलतेस का?"

पलीकडे काहीतरी खसफसलं...

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

आत्याने कट केला.

ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आत्याने तो नंबर परत कधी लावला नाही. मी तिला म्हटलंसुद्धा, की एक एकटी म्हातारी बाई इतकी सुखात आहे, मग बिघडलं काय?

ती म्हणाली, फोन कट करायला मला जोर लावावा लागला गं. बाईंच्या आवाजात एवढा आनंद होता, की पलीकडून 'हॅलो' आलं असतं ना... तर मीही तिथेच बोलत बसले असते.

त्याचीच तिला अजून भीती वाटते.