मान जरा वर

लेकीसाठी दूध तापवायचं होतं म्हणून मी फ्रिज उघडला, एवढंच निमित्त. सकाळची वेळ. ओट्यावर कोवळं ऊन आलेलं. भाजीच्या कप्प्यातून कोथिंबीरही काढून ठेवावी म्हणून कप्पा ओढला, तर तिच्या शेजारी एक कापडी पिशवी, तोंड नाडीनं आवळलेलं. वाटलं, मटार आणले असतील, बसल्या बसल्या सोलून टाकू. पिशवी हातात घेतली, आणि मटारांनी सावकाश कूस बदलली.

मी काही ओरडले नाही. पिशवी होती तशी ठेवली, दूध तापवलं, लेकीला दिलं आणि जावयाला म्हटलं, "जावईबापू, मटार जिवंत आहेत तुमचे."

ते हसले. "घाबरू नका आई, बिनविषारी आहे. गारठला की शहाण्यासारखा बसतो. मग मागच्या अंगणात नेऊन फोटो."

"आणि कोथिंबीर?"

"धुऊन घ्या," म्हणाले.

तर असं घर होतं ते. लेक माझी पाचव्या महिन्यात. त्याआधी दोनदा आशा लागली आणि दोनदा हात रिकामे झाले. डॉक्टरणीनं बजावलेलं, प्रवास नाही, दगदग नाही. म्हणून तिनं माहेरी यायच्या ऐवजी माहेरच तिच्याकडे गेलं, म्हणजे मी. माझं मागणं एकच, या खेपेला मूल हाताला लागावं. मग घरात साप राहो की मगर.

जावई वीज कचेरीत मीटर तपासायचे. दारू नाही, विडी नाही, आवाज चढवणं नाही. सुट्टी आली की गमबूट, वाकड्या टोकाची काठी आणि कॅमेरा. सोबतीला त्यांचा दोस्त, दवाखान्यातला कंपाउंडर. तो मला म्हणायचा, "मावशी, ह्याला माणसांचे फोटो काढायला सांगा, मुंडकी कापलेली येतात. साप मात्र नवरदेव दिसतो."

नवरदेव कसा सजवतात, ते मी पायरीवर बसून पाहिलंय. गारठलेला साप भिजल्या दोरीसारखा असतो. जावई त्याला शेवाळलेल्या दगडावर ठेवायचे. लाकडी चमच्यानं एक वेटोळं इकडे, एक तिकडे. शेवटी काडीनं हनुवटी उचलायची. "मान जरा वर," असं स्वतःशीच पुटपुटायचे, शाळेच्या फोटोला पोर बसवावं तसं. साप बघत राहायचा. सापाला पापण्या नसतात, हे मला त्यांनीच सांगितलं. झोपला तरी बघतो, मेला तरी बघतो. लोक फोटो पाहून म्हणायचे, किती वेळ दबा धरून बसला असाल. जावई नम्रपणे म्हणायचे, "चिकाटी लागते." चिकाटी होती ती फ्रिजची.

गावाबाहेर एक बंद पडलेली वीटभट्टी होती. एका दुपारी तिथं त्यांना ती दिसली. तांबूस अंग, मानेला काळी पट्टी. फार कमी लोकांना दिसणारी जात म्हणे. विटांच्या खबदाडात अंड्यांवर वेटोळं घालून बसलेली. एरवी साप माणसाची चाहूल लागली की पळतो. ही पळाली नाही. काठीनं ओढली तरी शेपटीनं अंडी धरून ठेवली. शेवटी दोघांनी मिळून सोडवली, तिला पिशवीत घातलं, अंडी डब्यात घेतली आणि घरी आले.

उजेड उतरायला लागला होता. खाली गारठायला वेळ लागतो म्हणून जावयांनी पिशवी वरच्या बर्फाच्या कप्प्यात टाकली.

लेक म्हणाली, "अहो, मरेल ती."

"सापाला थंडीचं काय गं. लगेच काढतो."

पण कॅमेऱ्याची बॅटरी उतरलेली निघाली. ती भरेपर्यंत दोघं दोस्त चहा पीत बसले. फ्रिजच्या आतून काहीतरी आपटल्याचा आवाज यायला लागला. आधी भराभर. मग थांबून थांबून. मी उठले तर जावई म्हणाले, "आई, दार उघडू नका, गारवा जातो." मी ऐकलं नाही. उघडलं तेव्हा पिशवी लाकडासारखी झाली होती.

"गेली," मी म्हटलं.

कंपाउंडरचा चहा हातातच राहिला. "राहू दे आता. पुरून टाकू."

जावयांनी पिशवीत डोकावून पाहिलं. "उलट बरं झालं," म्हणाले. "हलायची नाही."

कडक अंग वाकेना, तर घमेल्यात कोमट पाणी घेऊन त्यात बुडवून मऊ केलं. पुन्हा अंड्यांवर वेटोळं घातलं. काडीनं हनुवटी उचलली. फोटोत ती अशी दिसत होती की आत्ता फुत्कार टाकेल. आई आणि तिची अंडी. पुढे पहिलं बक्षीस मिळालं त्या फोटोला.

त्या रात्री जेवताना लेकीनं विचारलं, "अंड्यांचं काय केलंत?"

"टाकली कचऱ्यात. आईशिवाय काय उपयोग त्यांचा."

जेवण होईपर्यंत तिनं डावा हात पोटावरून काढला नाही.

बक्षीस मिळाल्यानंतरच्या सुट्टीला ते दोघं परत भट्टीवर गेले. जोडीदार तिथंच कुठं असेल, असा जावयांचा होरा. भर उन्हाळा, विटेला बोट लावलं तर चटका बसावा. कंपाउंडर बाहेर मोटरसायकलीपाशी सावलीत थांबला होता. बराच वेळ आतून काही चाहूल नाही, हाकेला ओ नाही, तेव्हा आत गेला. त्यानं काय पाहिलं, ते मला त्यानं आमच्या स्वयंपाकघरात दार लोटून सांगितलं, लेकीच्या कानावर जाऊ नये म्हणून.

"मावशी, तो भिंतीला टेकून बसला होता. म्हणजे... बसवलेला होता. एक पाय दुमडलेला, दुसरा त्याच्याभोवती घेतलेला. दोन्ही हात पोटाशी. आणि हनुवटीखाली काडी. लांब काडी... जमिनीत रोवलेली."

"अंग?"

"त्या उन्हात... बर्फ."

"शुद्ध होती?"

"बघत होता माझ्याकडे."

कॅमेरा समोर जमिनीवर होता, सापाला लावतात तसा खाली. त्यात फोटो होते. कंपाउंडरनं ते मला दाखवले. पहिल्यात जावई मातीत आडवे पडलेले. पुढच्यात पाय दुमडलेला. त्याच्या पुढच्यात हात जवळ घेतलेले. एकेका फोटोत थोडे थोडे नीट होत गेलेले.

"कुणी काढले रे हे?"

"धुळीत फक्त त्याच्या बुटांचे ठसे होते, मावशी. सापाचा माग ओळखता येतो मला. तोही नव्हता... काहीच नव्हतं."

मोठ्या दवाखान्यात सगळं तपासलं. ठोके मंद, अंग गार, बाकी दोष सापडत नाही म्हणाले. घरी न्या म्हणाले. मग आम्ही त्यांना खुर्चीत घालून उन्हाच्या खिडकीत ठेवायला लागलो. ऊन अंगावर असेल तोवर दूध गिळायचे. ऊन सरकलं की घोट तोंडातच राहायचा. बोलणं नाही. पापणी लवायची नाही, म्हणून डोळ्यांत थेंब घालावे लागायचे. बक्षिसाचा फोटो कंपाउंडरनं भिंतीवरून उतरवून जाळला. त्यानं काही फरक पडला नाही.

एका सकाळी लेक म्हणाली, "आई, ह्यांचं तोंड उजेडाकडे तू केलंस?"

मी केलं नव्हतं. दुसऱ्या सकाळी डाव्या हाताची बोटं मांडीवर पसरून ठेवलेली, एकसारखी. ते तिनंही केलेलं नव्हतं. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं, ती माझ्या. मग तिनं नवऱ्याच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "कालच्यापेक्षा बरे दिसतायत, नाही?"

मी तिला त्या खोलीत फार वेळ बसू देईनाशी झाले. पण नवरा तो तिचा, किती अडवणार. तिथंच बसून ती बाळाचं टोपडं विणायची. बाळ चांगलं लाथा मारायचं तेव्हा. मग एका दुपारी मी तिच्या पोटावर हात ठेवला आणि तो मागे घेतला. वाटलं, आत्ताच गार पाण्यानं अंघोळ करून आली असेल.

"हालतंय ना गं?"

"हालतंय," ती म्हणाली. "सावकाश..."

त्याच दुपारी मी तिला डॉक्टरणीकडे नेलं. आतल्या खोलीत पडदे ओढलेले, यंत्राचा तेवढा उजेड. औषधाचा, ओल्या कापसाचा वास. डॉक्टरणीनं पोटाला हात लावला. "किती गार आहे हे. पंखा बंद करू का?" मग मलम लावून यंत्राची ती वायर लावलेली मूठ पोटावर फिरवली आणि आम्हाला ठोके ऐकवले. मंद होते. पण होते. मी डोळ्याला पदर लावला. या खेपेला मूल होतं.

"आजी, इकडे बघा," डॉक्टरीण म्हणाली. "केवढं शहाणं बाळ आहे. एरवी मुलं इतकी वळवळतात की धड काही दिसत नाही. हे बघा कसं बसलंय."

मी पाहिलं. एक पाय दुमडलेला, दुसरा त्याच्याभोवती. दोन्ही हात पोटाशी.

डॉक्टरीण हसत होती. लेकही पडल्या पडल्या हसत होती. यंत्राच्या फटीतून चित्राचा कागद सरकत बाहेर आला. मग दुसरा. मग तिसरा. डॉक्टरणीनं मूठ पोटावरून उचलली, खुंटीला अडकवली, हात पुसायला कापूस घेतला आणि तशीच थांबली.

"छापायचं बटण तर मी अजून..." ती म्हणाली.

मूठ खुंटीला लोंबत होती. यंत्राचा पडदा काळा झाला होता. कागद येतच होते, एकामागून एक, आणि माझ्या हातातल्या दर कागदावर बाळ आधीपेक्षा नीट बसवलेलं होतं.

लेकीनं हात पुढे केला.

"दाखव ना, आई. छान आलेत का?"