बियावाल्या एबेनची बाग

खोटं वाटलं तर खुशाल हसा. पण हिरम स्टोडर्ड माझ्या आजीचा सख्खा भाऊ होता, आणि ही हकीकत सांगताना आजीने कधी एक शब्दही बदलला नाही.

साल १८३८. ऑक्टोबरातली भर दुपार. ओहायोत, मोहिकन नदीच्या काठी.

त्या मुलखात एबेन नावाचा एक म्हातारा फिरायचा. अनवाणी. अंगात पोत्याचा सदरा, खांद्यावर सफरचंदाच्या बियांची थैली. मोकळी जागा दिसली की बिया पेरायचा, टाचेने माती दाबायचा, भोवती काटक्यांचं कुंपण घालायचा आणि पुढे निघायचा. नव्याने वस्तीला आलेल्यांना रोपं फुकट द्यायचा.

हिरमला त्याची किळस यायची.

"आला बघ भिकारडा! स्वतःच्या पायात चामडं नाही आणि निघालाय जगाला फळं चारायला!" तो तोंडावर म्हणायचा. "अरे, तुझी आंबट सफरचंदं डुकरंसुद्धा थुंकून टाकतात!"

एबेन हसायचा. "डुकरांना आवडतील अशीही येतील, भाऊ. जरा दम धर."

हिरमची बायको ल्युसिंडा मागच्या दाराने त्याला मक्याची भाकरी द्यायची. ते कळलं तेव्हा हिरमने त्याच्यावर कुत्रा सोडला.

कुत्रा गेला आणि म्हाताऱ्याच्या पायाशी पसरला.

हिरमने लाथ घातली ती कुत्र्याला.

त्याच वर्षी फेब्रुवारीत एबेन तापाने गेला होता. त्याच्याच बागेत त्याला पुरलं. हिरम मातीला गेला नाही.

"एक ऐतखाऊ कमी झाला," एवढंच बोलला.

ती बाग हिरमच्या शेताला लागूनच. चाळीसेक झाडं, फळांनी वाकलेली. ऑक्टोबरात तो कुऱ्हाड घेऊन निघाला. त्याला तिथे मका लावायचा होता.

"राहू दे ना," ल्युसिंडा म्हणाली. "गरीब माणसाची आठवण आहे ती."

"त्याची आठवण चुलीत घालतो मी!"

पहिलं झाड पडलं.

दुसरं पडलं.

तिसऱ्यावर घाव घातला आणि...

आवाजच आला नाही.

कुऱ्हाड खोडात रुतली होती. ढलपी उडाली होती. पण आवाज नाही. पाखरं गप्प. बाजूची नदीसुद्धा गप्प.

मग पाठीमागे...

थप. थप. थप.

कोणीतरी टाचेने माती दाबत होतं.

हिरम वळला. कोणी नव्हतं. पण पहिल्या झाडाच्या बुंध्याशी माती ओली होती, ताजी दाबलेली. तीत पाऊल उमटलं होतं... पाचही बोटांसकट.

हिरम मोठ्याने हसला. "मेलास तरी खोड गेली नाही का रे? ये समोर! मार मला!"

थप. थप. आता दुसऱ्या बुंध्याशी. पावलं उमटत होती... माणूस नव्हता.

"शिव्या तरी दे! काहीतरी कर!"

तेव्हा कोणीतरी त्याचा उजवा हात धरला.

कुऱ्हाडीने तळव्याला फोड आला होता. त्यावर गार, ओला पाला ठेवला जात होता... अगदी हलक्या हाताने.

हिरम पळत सुटला.

ल्युसिंडा दारातच उभी होती. कपाळावर आडवा हात धरून त्याच्या मागे बघत होती.

"तुझ्याबरोबर कोण आलंय? उन्हामुळे चेहरा दिसत नाही. जेवायला थांबणार का ते?"

हिरमने मागे वळून पाहिलं नाही.

पुढे एकतीस वर्षं जगला. वाईट काहीच झालं नाही. पीक चांगलं आलं, पोरं जगली. पण सरकलेलं पांघरूण आपोआप नीट व्हायचं. वाटेतला काटा आधीच कोणीतरी बाजूला केलेला असायचा. आणि हिरम रिकाम्या खोलीत ओरडायचा, "हात लावू नकोस मला!"

ल्युसिंडा गेल्यावर आजीने त्याला आपल्या घरी आणलं. शेवटच्या दिवशी त्याचे ओठ सुकले होते. आजी पाणी आणायला गेली. परत आली...

तर ओठ ओले होते.

हिरम लहान पोरासारखा रडत होता. "याला सांग ना, मी माफी मागणार नाही. तरी हा जात का नाही?"

खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

त्या खोलीत वाईट काही नव्हतं, असं आजी नेहमी म्हणायची.

मग हिरमला पुरलं त्याच संध्याकाळी तिने त्या खोलीच्या दाराला खिळे का ठोकले, हे मात्र मी तिला कधी विचारलं नाही.