आमचे हे म्हणतात

प्रणिता तांडेल गेल्याचं जोडबेटावर सकाळीच कळलं. तराफ्यांवरचे झेंडे अर्ध्यावर आले. दुपारी अभिलेखागारातली रेवती चोडणकर तिच्या नवऱ्याकडे, सुहास तांडेलकडे आली.

"दादा, श्रद्धांजलीत वहिनींचा आवाज लावायचा होता. पण स्थापनेच्या नोंदींत त्यांच्या नावावर एकही वाक्य नाही."

"असं कसं? तिचं तोंड कधी मिटायचं नाही," सुहास म्हणाला.

किनारा बुडाल्यावर कोळ्यांनी आपले तराफे एकमेकांना बांधले, त्यातून हा देश झाला. तेव्हा प्रत्येक तराफ्यावर स्वरपेटी टांगलेली असे. ती सगळं बोलणं टिपायची आणि कोण काय म्हणालं ते स्वतःच लिहायची. त्या नोंदींतूनच राज्यघटना झाली. पहिलं कलम मुलं शाळेत रोज म्हणतात: त्यावरच्या माणसांना विचारल्याशिवाय कुठल्याही तराफ्याचा दोर कापायचा नाही. शेवटी नाव घेतात, सुहास तांडेल.

रेवतीनं मूळ ध्वनी लावला. वादळ घोंघावत होतं. त्यात प्रणिता जमलेल्यांना ओरडून सांगत होती, "आमचे हे म्हणतात, तापवाल्या तराफ्याचा दोर कापायचा नाही! माणसं आहेत त्यावर. आधी त्यांना विचारा!"

"'हे म्हणतात' आलं की पेटी ते वाक्य तुमच्या नावावर टाकायची," रेवती म्हणाली. "अशी पुष्कळ आहेत. पण तुम्ही त्यांना हे केव्हा सांगितलंत, ते सापडत नाही."

"जरा मागे घे."

त्याचाच आवाज आला. तरुण, घाबरलेला. "कोयता आण. ताप इकडे यायच्या आत दोर कापतो. आपण तरी वाचू."

"अहो, पोरंबाळं आहेत त्यावर."

"तुला कोणी विचारलंय?"

दार आपटलं. मग बाहेरून ती: "आमचे हे म्हणतात..."

रेवतीनं ध्वनी थांबवला. तिची आई त्याच तापवाल्या तराफ्यावर वाढली होती. दर स्थापनादिनाला आई सुहासला ओवाळायची.

"स्वतःचं म्हणून का नाही सांगितलं वहिनींनी?"

"मीच ऐकलं नाही. बाकीच्यांनी ऐकलं असतं?"

रेवतीनं पेटी त्याच्यापुढे सरकवली. "कलम दुरुस्त करायला तुमचा जबाब लागेल. वहिनींचं नाव घेऊन सांगा. मग त्याआधीचं, कोयत्याचंही सगळ्यांना ऐकवावं लागेल."

सुहास पुढे वाकला. जन्मभर त्यानं तिला 'अगं' म्हणूनच हाक मारली होती.

"हे... ही म्हणाली होती."

"नाव घ्या, दादा. 'ही' म्हटलं तर पेटीला कळत नाही."

बराच वेळ वाट पाहून रेवती गेली. पेटी चालूच ठेवली होती. सकाळी शाळेतून मुलांचा आवाज आला. कलम संपलं, शेवटी त्याचं नाव आलं.

प्रणिताचं नाव त्यानं अजून घेतलेलं नाही.