जांभळ्या स्कार्फच्या मागोमाग

पुण्यात लाल दिव्याला थांबणारा माणूस एकतर परगावचा असतो, नाहीतर त्याची गाडी बंद पडलेली असते. सुनीती वर्ध्याची होती. दोन हजार सालच्या थंडीतल्या त्या सकाळी डेक्कनच्या चौकात ती इमानदारीने थांबली, आणि राधा व होस्टेलच्या बाकी मैत्रिणी सायकली दामटत पुढे गेल्या. हिरवा लागताच लांबवर जांभळा स्कार्फ दिसला – राधाचाच! – आणि तिने जीव खाऊन पॅडल मारलं.

चूक तिची नव्हती. डोळे तेवढे उघडे ठेवून बाकी सगळं तोंड स्कार्फने गुंडाळायची पुण्यातल्या पोरींची पद्धत. आणि तुळशीबागेत त्या हंगामात जांभळ्याशिवाय रंग नव्हता.

सिंहगड रस्त्यावर रसाच्या गुऱ्हाळापाशी जांभळा स्कार्फ थांबला, उलगडला, आणि आतून भलतीच मुलगी निघाली.

“तू कोण गं?”

“मी... सुनीती. तुम्ही राधा नाही?”

“मी रुपाली. अभिनव, ही कोण रे?”

तिच्या भावाने आधी रसाचा ग्लास संपवला. “डेक्कनपासून आहे आपल्याबरोबर.”

“मग बोलला का नाहीस?”

“म्हटलं, तुझी मैत्रीण असेल. त्या तशाही माझ्याशी बोलत नाहीत.”

सुनीतीला हसू आलं. कित्येक दिवसांनी आलं, म्हणून जरा जास्तच आलं. तो बघतोय हे लक्षात आल्यावर तिने आपलाही स्कार्फ पुन्हा नाकावर ओढला.

“मैत्रिणी कुठे जाणार होत्या?” अभिनवने विचारलं.

“खडकवासल्याला.”

“आम्हीही तिकडेच. चला. पोचवू, पण घरपोच सेवा नाही.”

वाटेत ती बोलत गेली. विद्यापीठातला कॉम्प्युटरचा डिप्लोमा संपला होता. विश्रांतवाडीतल्या एका छोट्या कंपनीने नोकरी देऊ केली होती. पण बाबांनी वर्ध्याच्या शाळेत तिच्यासाठी शब्द टाकला होता, आणि संध्याकाळी फोनवर त्यांना काय ते सांगायचं होतं. या शहरात तिला रस्ता सगळ्यांनी सांगितला होता. ‘घरी ये’ कुणी म्हटलं नव्हतं. ती परत जाणार होती. आजची सहल म्हणजे पुण्याचा निरोपच.

“म्हणजे आज शेवटचं...” अभिनव म्हणाला आणि सायकल तिच्या बरोबरीने हळू चालवू लागला. पुणेकर रस्त्यावर हळू झाला की काहीतरी गंभीर असतं.

तेवढ्यात तिच्या सायकलची चेन उतरली. त्याने ती बसवली, हात कोपरापर्यंत काळे करून घेतले. तिने आपल्या बाटलीतलं पाणी त्याच्या हातांवर सोडलं – हळूहळू, गरजेपेक्षा थोडं जास्तच हळू. डाग तिळभरही निघाले नाहीत. दोघांपैकी कुणाचीच तक्रार नव्हती.

धरणाच्या भिंतीपाशी राधा सापडली. तिचा घसा बसलेला, भज्यांची पुडी गार झालेली.

“मूर्ख! दोनदा मागे जाऊन आलो आम्ही!” असं ओरडत तिने सुनीतीला जे घट्ट धरलं, ते सोडेचना. सुनीतीचे डोळे भरून आले. आपल्याला शोधायला कुणी निघेल, हे तिच्या हिशेबातच नव्हतं.

परतताना रुपालीने पुढल्या आठवड्याचं जेवणाचं आमंत्रण देऊन टाकलं, आईला न विचारता.

संध्याकाळी एसटीडी बूथमध्ये बाबा म्हणाले, “राहतो म्हणतेस बेटा, पण तिथं आपलं आहे कोण?”

काचेबाहेर राधा आणि रुपाली चहा कुठे प्यायचा यावर भांडत होत्या. सुनीतीची सायकल हातात धरून अभिनव रस्त्याकडे बघण्याचं नाटक करत होता.

“आहेत, बाबा,” ती म्हणाली. “नोकरी घेते मी.”

ती बाहेर आली.

“काय ठरलं?” अभिनवने विचारलं.

“राहते.”

“बरं झालं.” त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. “नाहीतर मला वर्ध्याला यावं लागलं असतं. थंडीत.”

“तुम्ही कशाला येणार होते?”

त्याने सायकलचं हँडल या हातातून त्या हातात घेतलं. “विचारायला...”

“मग इथंच विचारा ना जी.”

“रविवारी... पुन्हा सायकलवर येशील?”

“येईन. पण एवढंच विचारायला वर्ध्यापर्यंत?”

“नाही,” तो घंटीशी चाळा करत म्हणाला. “ते मोठं आहे. ते रविवारी विचारतो.”

सुनीतीने मान खाली घातली. पण तोवर तिच्या डोळ्यांनी होकार देऊन टाकला होता.