तीसच्या वर नाही

घाटकोपरच्या त्यांच्या गल्लीत भीमराजकाकांना सगळे ‘तीसवाले काका’ म्हणायचे. सैन्यात वीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. निवृत्त झाल्यावर ते हिवाळ्यात बर्फ बघायला निघालेल्या मुंबईकरांना आपल्या जुन्या जीपवर फोर बाय फोर शिकवायचे. आता मुंबईत बर्फ कुठून आणणार? तर आरेतल्या तबेल्यांमागे एक कच्चा रस्ता होता. गोठे धुतलेलं पाणी त्यावरून बारा महिने वाहायचं, आणि तो असा निसरडा की पायी जाणारासुद्धा दोनदा विचार करील. इथे गाडी सांभाळली तर बर्फावर सांभाळता येते, असं काका म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं.

जानेवारीतल्या एका सकाळी सातच्या सुमाराला मुलुंडची नमिता शिकायला आली. दातांची डॉक्टर, हात एकदम स्थिर. पंधरा दिवसांनी ती बहिणीला घेऊन स्पितीला जाणार होती. धुकं एवढं दाट की तबेल्यातल्या म्हशी नुसत्या वासावरून कळत होत्या.

“काका, चारही चाकांना जोर आहे ना? मग तीसच का? पन्नासनेपण आरामात जाईल ही.”

“जाईल ना. थांबणार नाही,” काका म्हणाले. “तो जोर पुढे जायला, ब्रेकला त्याचा उपयोग शून्य. बर्फावर तीसच्या वर नाही. बर्फ काचेसारखा गोठला असेल तर पंधरा. आणि पुढचा कितीही पळू दे, त्याच्या मागे लागायचं नाही. चल, दुसरा गिअर.”

नमिता छान चालवत होती. एका वळणानंतर मात्र शेणाचा वास एकाएकी नाहीसा झाला. गारठा वाढला. काकांना स्वतःचा श्वास दिसायला लागला, आणि नाकात जळक्या रॉकेलचा वास शिरला. लडाखच्या चौक्यांवर शेगड्या पेटवल्या की यायचा, तोच.

मग आवाज आला. छण… छण… ठक्. छण… छण… ठक्.

चाकांना बांधलेल्या साखळ्यांचा आवाज. त्यातली एक तुटलेली, दर फेऱ्याला पत्र्यावर आपटणारी. काकांच्या मानेवरचे केस उभे राहिले. अशी साखळी एकाच ट्रकला होती. गुणाजीच्या. बावीस वर्षांपूर्वी, ‘फोर बाय फोर आहे, कशाला घाबरतोस’ असं हसत म्हणून तो काकांच्या पुढे निघून गेला होता. पुढच्या वळणावर नुसता कठडा तुटलेला दिसला.

समोर धुक्यात एक लाल दिवा लुकलुकला.

“काका… कुणीतरी पुढे आहे.” नमिताचा आवाज बदलला होता. “त्याला रस्ता दिसतोय. त्याच्या मागे मागे गेलं की…”

काटा पस्तीसवर गेला. चाळीस. लाल दिवा तेवढंच अंतर राखून पुढे सरकत होता.

“नमिता, पाय उचल.”

“हो… पण तो बोलावतोय…”

काकांनी डॅशबोर्डवरची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. भीती वाटत नव्हती असं नाही. पण परेडवर द्यावा तसा त्यांनी आवाज दिला, “नमिता! पाय वर! ब्रेक दाबू नकोस, गिअर खाली टाक!” आणि मग काचेकडे बघत, हळूच, “गुणाजी, तू हो पुढं. आम्ही येत नाही.”

इंजिन घुरघुरलं. गाडी तीस, वीस, दहावर आली आणि चिखलात रुतून उभी राहिली. लाल दिवा क्षणभर थांबला… आणि विझला.

धुकं विरलं तेव्हा दोघं खाली उतरली. दिव्याच्या नादात नेहमीचं वळण मागेच सुटलं होतं; जीपच्या पुढे चार पावलांवर रस्ता संपत होता. खाली जुनी दगडाची खाण, तळाशी हिरवं पाणी. त्यावर साधा तरंगही नव्हता. पुढच्या चिखलात कुठल्याच चाकाची खूण नव्हती.

“जमलं तुला,” काका म्हणाले. “पुढच्या शनिवारी यायचं. याच वेळेला.”

परतताना दोघं एका चहाच्या टपरीवर थांबली. चहाचे दोन घोट पोटात गेल्यावर नमिताला जरा बोलता आलं.

“बरं झालं काका, तुम्ही माझा हात धरून गिअर खाली टाकलात. मला तर काही सुचतच नव्हतं.”

काकांनी ग्लास खाली ठेवला.

“मी धरला?”

“हो ना. केवढा गार हात हो तुमचा… अजून बोटं बधिर आहेत माझी.”

तिने डावा हात पुढे केला. बोटांची टोकं मेणासारखी पांढरी पडली होती. हिमदंश झालेले असे हात काकांनी लडाखच्या इस्पितळात खूप पाहिले होते. त्यांनी टपरीवाल्याकडून पातेलंभर कोमट पाणी मागून घेतलं आणि तिचा हात त्यात बुडवला.

“चोळू नकोस. नुसता ठेव.”

पाण्यावरची वाफ हळूहळू थांबली. मग दोघांच्या डोळ्यांदेखत, तिच्या मनगटाभोवती, पाण्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा धरू लागला.