परतीचं भाडं

रत्नागिरीहून पावसला निघालेल्या एस.टी.त महिपतला खिडकीची जागा मिळाली, तेव्हा आज आपलं नशीब जोरावर आहे असं त्याला वाटलं. माणसाला असं वाटतं ना, तेव्हाच काहीतरी अंगावर सांडतं. मांडीवर पासपोर्टचे कोरे अर्ज होते. शेजारी एक कोळीण बसली होती आणि कंडक्टर ओरडला म्हणून तिने पायाशी ठेवलेली पाटी उचलून मांडीवर घेतली होती. भाट्याच्या पुलावर गाडीने गचका खाल्ला... आणि पाटीतलं पाणी थेट अर्जांवर.

"अर्ज गेला!" महिपत ओरडला.

"जातोय कुठं? हा काय तुमच्या हातात." तिने पदराने डाग टिपला. तो आणखीनच पसरला. "बांगड्याचं पाणी हाय वो. वाळलं की दिसायचं नाय."

"आणि वास?"

"सायेबाला बांगडा आवडत असंल, तर अर्ज लवकर पास व्हईल."

महिपतला रागवायचं होतं, पण हसू आलं. तीही हसली — आणि हसताना तिची मान एका बाजूला किंचित कलली. त्या कललेल्या मानेपायी महिपतची पुढची सहा महिन्यांची झोप गेली, ते इथंच सांगून टाकलेलं बरं.

"कसला अर्ज?" तिने विचारलं.

"पासपोर्टचा. परदेशी जायला लागतो."

तिचं हसू मावळलं. खाडीकडे बघत ती हळूच म्हणाली, "मास्तर... ग्रीसला जायाला किती लागतात?"

तिचं नाव हिरा. रत्नागिरी बंदरावरच्या मिरकरवाड्यातल्या गंगारामची लेक. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा नवरा जानू बोटीवर खलाशी म्हणून गेला, आणि ग्रीसच्या एका बंदरात उतरला तो परत बोटीवर चढलाच नाही. पाच वर्षं झाली. वाड्यातला बाबू खलाशी म्हणून फिरतो. त्याने जानूला तिथल्या बोटी दुरुस्त करायच्या कारखान्यात बघितलं होतं. एवढं तिने पावस येईपर्यंत सांगितलं, त्याचा पत्ता विचारून घेतला, आणि पाटी डोक्यावर घेऊन उतरून गेली.

महिपत मूळचा देवरूखकडचा. रत्नागिरीत एका टायपिंगच्या क्लासात शिकवायचा आणि वरकमाई म्हणून लोकांचे पासपोर्टचे अर्ज भरून द्यायचा. विमानाच्या तिकिटांचे दर मुंबईच्या एका एजंटाकडून पोस्टाने त्याच्याच नावावर यायचे. तेव्हा पुढच्या मंगळवारी बाजार उरकून हिरा क्लासात येऊन बसली, यात नवल नव्हतं. नवल एवढंच, की त्या मंगळवारी महिपत नवा शर्ट घालून आला होता.

त्याने मशीनवर कागद चढवला. विमानाचं तिकीट, साडेपाच हजार. पासपोर्ट, मुंबईपर्यंतची एस.टी., तिथला मुक्काम, सरकार देईल तेवढे डॉलर, दोन लोकरीचे कपडे, हे मिळून दीड हजार.

"सात हजार," तो म्हणाला.

"पाटीमागं मला बारा रुपये सुटतात," हिरा बोटांवर मोजत म्हणाली. "माझ्याकडं साडेसहा हजार हायत. पाटल्या इकून, तीन वर्षं साठवून. ऱ्हायले पाचशे... बेचाळीस पाट्या."

"बेचाळीस पाट्यांत ग्रीस! आमच्या देवरूखच्या एस.टी.पेक्षा स्वस्त."

"तुमच्या देवरूखला नेऊन दाखवा आदी."

"येशील?" महिपतच्या तोंडून निसटलं. तिने नुसती मान कलती केली. मग त्याने घाईघाईने विचारलं, "परतीचं भाडं धरू ना?"

"परतीचं नको," ती म्हणाली. "ता नंतरचं नंतर."

महिपतला वाटलं, परतीचं नको म्हणजे ही तिकडेच राहणार. नवऱ्याचा संसार परत मांडणार. त्याने कागद ओढून काढला आणि मुकाट तिच्या हातात दिला.

तरी मंगळवार येत राहिले. ती येताना पुडीत कोळंबीचे सोडे बांधून आणायची, तो तिला चहा पाजायचा. अर्ज भरून झाला, पासपोर्टही आला, तरी तिचे प्रश्न काही संपेनात. तिकडे भात मिळतं काय? विमानात पाय पसरता येतात काय? एकदा तिने विचारलं, "मास्तर, गवताची काडी न्यायला देतात काय इमानातून?"

"कसली काडी? देवाची?"

"तसंच समजा."

"काडीला कोण विचारतंय? तिकीटही लागणार नाही तिला." तो हसला. ती हसली नाही. क्लासातल्या पोरी मशीन बडवताना एकमेकींकडे बघून खुसखुसत, आणि महिपत त्यांना उगाचच दोन पानं जास्त टाइप करायला लावी.

दिवाळीच्या आदल्या मंगळवारी ती आली ती पदराखाली पुडकं घेऊनच. "झाले सात हजार," तिने सांगितलं. "काढा तिकीट."

एजंटाचं पत्र खणात होतं. दर तोच, साडेपाच. महिपतने खण उघडला, पत्र बघितलं, तिच्याकडे बघितलं. तिच्या कपाळावर घामाने कुंकू ओघळलं होतं. आता ही जाणार, आणि मंगळवार नुसता वार उरणार... त्याने खण लावला.

"हिराबाई, भाडं वाढलंय. दोन हजारांनी."

आयुष्यात पहिल्यांदा तो इतकं सफाईने खोटं बोलला. ती रडली असती तर त्याला जगता आलं असतं, पण ती रडली नाही. ओठ हलवत तिने आकडेमोड केली.

"एकशे सदुसष्ट पाट्या," ती म्हणाली आणि उठली.

त्या दिवसापासून ती एकीच्या दोन पाट्या करू लागली. सकाळी पावस, दुपारी शहरात दारोदार. तिच्या टाचांना भेगा पडल्या, मान आखडली. हसताना ती एका बाजूला कलायची, ते बंद झालं. महिपत दर मंगळवारी ठरवायचा, आज सांगायचं. आणि ती समोर बसली, की चहा सांगायचा. प्रेमात माणूस शूर होतो म्हणतात. महिपत भेकड झाला होता आणि त्याला ते कळतही होतं.

शिमगा झाला. चाकरमानी मुंबईला परतले. त्या मंगळवारी हिरा आली, चहा नको म्हणाली आणि बाकावर बसली. मांडीवर तेच पुडकं, आता जाडजूड झालेलं. क्लास सुटला होता. महिपतला आता गप्प बसवेना.

"भाडं वाढलंच नव्हतं," तो एका दमात बोलून गेला. "दिवाळीतही नाही, आताही नाही. तू जाऊ नयेस म्हणून मी... हिरा, तू परतीचं नको म्हणालीस ना, त्याने माझं डोकंच फिरलं. तू मला आवडतेस. शिव्या दे, काय हवं ते कर. पण तिकीट आजच्या आज काढून देतो."

तिने शिव्या दिल्या नाहीत.

"बाबू आला व्हता शिमग्याला," मग ती म्हणाली. "जानूने ता बंदर सोडलं. त्याची ती तिकडची बाय, पोर, सगळी मिळून गेली. कुठल्या देशात, कोणाला म्हायती नाय. दोन म्हयने झाले."

"बाय?" महिपतला काही उमगेना. "तुला ठाऊक होतं?"

"मला पयल्यापासून ठाऊक व्हतं."

तिने पदराच्या टोकाची गाठ सोडली. आत भाताची एक वाळकी काडी होती, बोटभर लांब. ती तिने टेबलावर ठेवली.

"काडीमोड," ती म्हणाली. "नवऱ्याने आपल्या हाताने मोडली, तरच मी मोकळी. बापाने तीनदा पंचांचे पाय धरले. पंच म्हणतात, माणूस जिता हाय, बाबू साक्षीला हाय, मग त्याच्याकडूनच मोडून आण. तिकडं भात पिकतं का नाय, म्हणून शेजारच्या पेंढ्याच्या उडवीतली काढून ठेवली."

महिपतच्या गावीही काडीमोड होत असे. लहानपणी त्याने पंचांच्या मांडीला मांडी लावून ती बघितली होती. तरी तिने काडीबद्दल विचारलं तेव्हा तो हसला होता.

"आणि परतीचं भाडं?"

"सोडणाऱ्याने खर्च द्यायचा, अशी रीत हाय आमच्यात. ता जानूकडूनच घेणार व्हते, म्हणून धरलं नाय." तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "तुमाला वाटलं मी तिथं ऱ्हायाला चालले? नवऱ्याकडं ऱ्हायाला जाणारी बाई दर मंगळवारी इथं कशाला येऊन बसंल? ग्रीसला भात मिळतं काय, ता इचारायला?"

बाहेर रिक्षा, माणसं, सगळं नेहमीसारखं चाललं होतं.

"दिवाळीत तो तिथंच व्हता, महिपत," ती म्हणाली. आजवर तिने त्याला नावाने हाक मारली नव्हती. "आणि मी एकशे सदुसष्ट पाट्या व्हायल्या."

त्याचा हात काडीकडे गेला. "मी मोडतो. नाही तर तू मोड. कोण बघतंय?"

तिने झटकन काडीवर तळवा ठेवला. त्याची बोटं तिच्या बोटांना लागली, आणि दोघांनीही ती लगेच काढली नाहीत.

"तू मोडून चालत नाय," ती हळूच म्हणाली. "तुझ्यासाठीच मोडायची व्हती ती."

महिपत रडला. पुरुषाने रडू नये वगैरे त्याला त्या वेळी काही आठवलं नाही.

दिवेलागणीची वेळ झाली. हिराने पाटी उचलली आणि काडी टेबलावर तशीच ठेवली.

"तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. माझ्या पदरात कवातरी चुरगळंल. बाबू बोटीवर गेला की बंदरोबंदर इचारणार हाय. ठिकाण कळलं की येते मी, तवर मंगळवार बंद. मग नवा हिशेब काढ... खरा."

"परतीचं धरू?" त्याने कसंबसं विचारलं.

दारात ती थांबली. मान एका बाजूला किंचित कलली. "धर," ती म्हणाली. "या खेपेला जानूच्या भरवशावर नको. आपलं आपण भरू."

ती गेली. महिपतने मशीनवर नवा कागद चढवला. कुठल्या देशाचा हिशेब ते ठाऊक नव्हतं, म्हणून वरची ओळ मोकळी सोडली, जाण्याच्या भाड्याची जागाही मोकळी सोडली. फक्त खाली टाइप केलं, परतीचं भाडं, एक.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या, नारळी पुनवेला परत पाण्यात गेल्या. बाबूचं पत्र आलं नाही. महिपत रोज क्लास उघडला की आधी काडीचा खण उघडतो. ती काडी मोडावी याखेरीज त्याला या जगात दुसरं काही नको आहे. आणि ती मोडू नये म्हणून त्याने ती कापसात गुंडाळून ठेवली आहे.