खरखरीचा माग

“हात लावू नकोस त्याला!” प्रज्ञा ओरडली, तसा कपिलने रेडिओचा कान पिरगाळायचं सोडलं.

“अगं, स्टेशन लावत होतो! पण ह्याच्यात तर नुसती खरखरच आहे!”

खरखर होतीच. गेला आठवडाभर दिवस कलला, की रेडिओ जो तडतडायला लागायचा तो थांबायचं नाव घेत नव्हता. आतून आईचा दमलेला आवाज आला, “उद्या सकाळी भंगारवाला यायचाय. देऊन टाकते एकदाचा. डोकं उठलंय नुसतं.”

प्रज्ञानं आजोबांचा तो रेडिओ उचलून छातीशी धरला. भागुजी आजोबांना जाऊन दोन महिने झाले होते. त्यांच्या आजारपणात जागून जागून आई पार शिणली होती. घरात कुणी मोठ्यानं हसत नव्हतं. मे महिन्याची सुट्टी लागली, तरी प्रज्ञाला अंथरुणातून उठावंसंच वाटत नव्हतं. पेठहून आलेला तिचा मामेभाऊ कपिल बिचारा एकटाच भिंतीवर चेंडू आपटत बसायचा.

“रेडिओ बिघडला नाही,” ती म्हणाली. “जवळपास कुठंतरी ठिणग्या उडतायत. आजोबा असते तर एव्हाना निघाले असते.”

“कुठं?”

“खरखर शोधायला!”

सगळ्या खोडद गावात हा नाद फक्त आजोबा आणि नातीलाच होता. आकाशातल्या रेडिओलहरी टिपणाऱ्या, गावाजवळच्या दुर्बिणीच्या त्या अजस्र ताटल्यांचे लोक अडथळा नको म्हणून गाडीवर अँटेना लावून अशीच खरखर शोधत फिरायचे. ते बघून आजोबांनीही आपला रेडिओ खांद्याला लटकवला. कुणाचा स्टार्टर ठिणग्या टाकतोय, कुणाच्या ट्यूबलाइटचा चोक गेलाय, दोघं बरोब्बर हुडकून काढायचे. लोक हसले तर हसले! आजोबांचे गुडघे दुखायला लागल्यावर प्रज्ञा एकटीच जायची. परत आली, की खाटेवरून एकच प्रश्न यायचा, “घावली का?”

आता खाट रिकामी होती. पाय उचलवत नव्हते, पण भंगारवाला काही थांबणार नव्हता. प्रज्ञानं रेडिओ खांद्याला लटकवला.

“हे बघ,” तिनं रेडिओ आडवा धरून हळूहळू फिरवला. “टोक चोराकडं, म्हणजे ठिणग्यांकडं वळलं, की खरखर दबते. मग तसंच सरळ चालायचं.”

“आणि चोर पाठीमागं असला तर?”

“तर चालताना खरखर कमी होत जाईल, शहाण्या!”

खरखर वाढतच गेली. ओढा झाला, विहीर झाली. संपतकाकांच्या भुईमुगापाशी रेडिओ असा काही कडकडायला लागला, की दोघंही जागीच उभे राहिले.

“अगं, ही तार बघ! नवीन आहे,” म्हणत कपिल पुढं झाला.

प्रज्ञानं त्याची कॉलर धरून खस्सकन मागं ओढलं. बांधावरचं ओलं गवत तारेला टेकलं होतं आणि तिथं निळ्या ठिणग्या तडतडत होत्या!

“बाप रे!” म्हणत कपिल तिच्या पाठीमागं दडला.

एवढ्यात बांधाच्या वळणावरून गोजरबाई शेरडं घेऊन आल्या. रोजची वाट, रोजचं गवत; आज फक्त उशीर झाला होता. पुढचं करडू उड्या मारत थेट तारेकडं निघालं!

“गोजराआजी, थांबा! तिकडं करंट आहे!”

म्हातारीला ऐकू कमी. ती आपली चालतच होती. प्रज्ञानं रेडिओचा आवाज होता तेवढा मोठा केला आणि बांधाखालून धावत आडवी गेली. त्या कडकडाटानं करडू बिचकलं आणि सगळी शेरडं गोजरबाईंना ढकलत माघारी पळाली.

गोंधळ ऐकून मोटारीच्या खोलीतून संपतकाका बाहेर आले. “काय दंगा लावलाय, ए पोरांनो?”

“काका, तारेत करंट सोडलाय तुम्ही!”

“करंट न्हाई, झटका मशीन हाय ती. डुकरांसाठी. थोडं झिणझिणतं, बास!”

“झटका मशीनची खरखर थांबून थांबून येते. टक... टक... ही तर सलग आहे!”

“लई शिकलीस का?”

“मग काका,” कपिल पटकन म्हणाला, “तुम्हीच हात लावून दाखवा की!”

संपतकाका दोन पावलं मागं सरकले. चेहराच पडला त्यांचा.

“नको काका, खरंच नको!” प्रज्ञा कळवळून म्हणाली.

गोजरबाईंना आता सगळं उमजलं. “आरं संपत, शेरडं ऱ्हाऊ दे, मीच मेले आसते की आज!”

“चुकलंच, आजी,” ते खाली मान घालून म्हणाले. “डुकरांनी निम्मं रान उकरलं. राखण करून करून जीव आंबला, म्हणून हप्त्यामागं लायनीवर आकडा टाकला. रोज सांजच्याला करंट सोडतो.” ते खोलीत गेले. खटका पडला आणि रेडिओतून स्वच्छ, खणखणीत आवाज आला, “...आता ऐकू या शेतकरी बांधवांसाठी...”



संपतकाकांनी तिघांच्यादेखत सगळी तार गुंडाळली. मग मुलांना घरी सोडायला ते स्वतः आले. “अंजनावैनी, तुमच्या पोरीनं आज माझ्या हातनं व्हनारं पाप टाळलं,” अंगणातूनच ते म्हणाले. “भागुजीतात्यांची नात शोभती बगा! आन् हा पावणा बी लई खमक्या हाय!” कपिलची छाती फुगली.

आईनं घाबरून दोघांना जवळ ओढलं, चाचपलं. संपतकाका गेल्यावर ती आजोबांच्या खाटेवर टेकली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच बसली होती ती तिथं. रेडिओ मांडीवर घेतला. पदरानं पुसला. बराच वेळ ऐकत राहिली. भंगारवाल्याचं नाव तिनं काढलं नाही.

मग प्रज्ञाकडं बघून हलकेच म्हणाली, “घावली का?”

प्रज्ञाला हुंदकाच फुटला. आईच्या कुशीत शिरत ती म्हणाली, “घावली.”